चार बोटं ओल

आमच्या भागात झाडाचं कौतुक करायची पद्धत नाही. मोसंबीचं झाड दिसलं की पहिला प्रश्न, कितव्या वर्षाचं? दुसरा, माल किती निघतो? तिसरा, पाण्याचं कसंय? जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, आमच्या बांधावर उभं राहून कुणी नुसतं 'काय सुंदर झाड आहे!' म्हणालं, तर ऐकणारे दोनच अंदाज बांधतील. हा पाहुणा आहे, नाहीतर व्यापारी आहे आणि भाव पाडायच्या आधी गोड बोलतोय.

म्हणून 'पिर्के आवोत'मधलं एक मत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पिर्के आवोत म्हणजे मिश्ना या ज्यू ग्रंथातला रब्बींच्या शिकवणुकीचा भाग. मिश्नाचं संकलन इसवी सन २०० च्या आसपासचं. त्यात रब्बी याकोव यांच्या नावावर एक मत नोंदवलंय, त्याचा आशय असा: वाटेने चालताना धर्मशास्त्राची उजळणी करणारा माणूस मध्येच ती थांबवून एखाद्या झाडाची किंवा नांगरून ठेवलेल्या रानाची वाहवा करू लागला, तर त्याने जणू स्वतःच्या जिवावर बेतवून घेतलं. झाडाचं एक वेळ समजू, पण नांगरलेलं रानसुद्धा! मला वाटलं, हा रब्बी आमच्याच गावचा असणार.

हसू ओसरलं तरी ते मत डोक्यातून जाईना. कारण ज्यू धर्म आणि निसर्ग असं नेटवर शोधलं की मिळतं ते याच्या अगदी उलट. सूर्योदय, हिब्रू अक्षरं आणि खाली देव पानापानांत आहे छापाचं एखादं वाक्य. आपल्याकडे हा माल नवीन नाही. जुलैत राजमाचीला गेलेला प्रत्येक जण धुक्यासमोर हात पसरून 'आत्मिक शांती' अपलोड करतो. मीही केलीय. मग निसर्गात देव शोधणाऱ्या एका एवढ्या जुन्या परंपरेत, झाडापाशी थांबलास तर खबरदार, असा दम कशासाठी दिलाय?

या लेखात मला तो दम आणि त्याच्या आजूबाजूच्या काही जागा नीट वाचायच्या आहेत. मी विद्वान नाही. मला हिब्रू येत नाही. सेफारिया या वेबसाइटवर हे सगळे ग्रंथ भाषांतरासह मोफत आहेत, त्यावर माझं चाललंय. पण आमच्या घरची बाग तोडली गेलीय, आणि तेवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

आधी या ग्रंथांशी गाठ कशी पडली ते सांगतो. ऑफिसमधल्या माझ्या एका मित्राचं आजोळ अलिबागचं. तो बेने इस्रायली. एका जानेवारीत टीमची अलिबागची ट्रिप निघाली, तेव्हा बाकीचे बीचवर पसरले आणि तो आम्हा दोघांना खंडाळ्याला घेऊन गेला. लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं खंडाळा गाव. तिथे 'एलियाहू हन्नाबीचा टापा' नावाची जागा आहे. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलीया संदेष्टा. मराठी बायबलमध्ये त्याची अग्निरथातून स्वर्गात जाण्याची गोष्ट आहे. बेने इस्रायलींची श्रद्धा अशी की तो कोकणातही आला होता आणि इथल्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापांच्या, रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या.

मी त्या खडकाकडे बराच वेळ बघत राहिलो. काळा बसाल्ट. हाच दगड आमच्या जालन्याच्या मातीखाली आहे, आणि त्यात बोअर मारून मारून लोक कर्जबाजारी झालेत. कोकणात याच दगडाला लोक नमस्कार करतात, आमच्याकडे शिव्या देतात.

बेने इस्रायल समाज शतकानुशतकं रायगडच्या किनारपट्टीत राहिला. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरागत आठवण. धंदा तेलघाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली'. आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, चौलकर. भाषा मराठी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तरी अलिबागमध्ये इस्रायल आळी आणि मागेन आबोथ सिनेगॉग अजून आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, ही बातमी मी कॉलेजात असताना वाचली होती आणि विसरूनही गेलो होतो.

तो दिवस तू बिश्वातचा होता. शेवात महिन्याची १५ तारीख, झाडांचं नवीन वर्ष. ऐकायला काव्यमय वाटतं, पण मुळात तो हिशेबाचा दिवस. फळांचा दशमांश द्यायचा तर कुठलं फळ कुठल्या वर्षाच्या खात्यात धरायचं, त्यासाठी एक तारीख लागते. शम्मायच्या अनुयायांनी शेवातची १ तारीख सुचवली, हिल्लेलच्या अनुयायांनी १५, आणि १५ ठरली. थोडक्यात, झाडांचं ३१ मार्च. कोकणातल्या बेने इस्रायलींनी या दिवसाला एलियाहू हन्नाबी जोडला आणि मलिदा जोडला. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरं आणि सुकामेवा, आणि भोवती फळं.

संध्याकाळी मित्राच्या मावशीकडे ते ताट मांडलं होतं. भूक लागली होती, मी केळ्याला हात घातला.

"थांब रे बाळा," मावशी म्हणाल्या, "अजून ब्राखा झाली नाही."

ब्राखा म्हणजे खाण्याआधी म्हणायचा आशीर्वचनाचा छोटासा मंत्र. त्यात देवाला 'अमुक गोष्ट निर्माण करणारा' म्हणून स्मरायचं असतं. मग कळलं की ती एक नाही. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्या पिकाची वेगळी, द्राक्षाच्या वाइनची वेगळी, भाकरीची वेगळी, आणि सुगंधी पाल्याचा नुसता वास घ्यायचा तरी त्याचीही वेगळी. खजुराला झाडाची ब्राखा लागते, काकडीला जमिनीची. केळ्याला मात्र जमिनीची! का, तर केळीचं खोड लाकडी नसतं आणि एकदा घड दिला की ते मरतं, नवा कोंब जमिनीतून येतो. म्हणून शास्त्राच्या नजरेत ती झाड नाही. माझ्यातला प्रोग्रामर भलताच खूश झाला. शेकडो वर्षं हे लोक फळांचे डेटा टाइप ठरवत बसलेत. पण केळी लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे आधीपासून माहीत असतं, तो केळीला 'झाड' फार तर सवयीने म्हणतो. म्हणजे तो मंत्र म्हणायचा तर तुम्हाला झाडाचं खोड बघावं लागतं. डोळे मिटून भक्तिभावाने चालत नाही, चुकीची ब्राखा पडते.

पुढे वाचताना कळलं की ब्राखा खाण्यापुरत्या नाहीत. वीज चमकली, ढग गडगडले, इंद्रधनुष्य दिसलं, समुद्र दिसला, प्रत्येकाला वेगळी. हत्ती किंवा माकड दिसलं तरी एक आहे, प्राण्यांना वेगवेगळं घडवणाऱ्याला उद्देशून. (माथेरानला माकडाने वडापाव पळवल्यावर ती म्हणायची की नाही, याचं उत्तर मला सापडलं नाही.) आणि निसान महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, फळझाडाला फुलोरा आलेला दिसला की वर्षातून एकदा थांबून म्हणायची एक. म्हणजे जी परंपरा झाडाकडे बघून थांबणाऱ्याला दम देते, तीच वर्षातून एकदा झाडापुढे थांबायला लावते.

हा विरोध मिटवायची एक लोकप्रिय तऱ्हा आहे. ती अशी: रब्बी याकोव यांचा राग झाडावर नाही, अभ्यास 'थांबवण्यावर' आहे. झाड बघणं हा ज्याला अभ्यासाचाच भाग वाटतो त्याला काही दोष नाही; ज्याला तो ब्रेक वाटतो, तो चुकला. आधुनिक भाष्यकारांना हे वाचन फार आवडतं. मला ते पटतं, पण जरा जास्तच सोयीचं वाटतं. त्याने दमाची धार बोथट होते आणि राजमाचीवाला सुखरूप सुटतो, कारण तो लगेच म्हणणार की माझ्यासाठी धुकं हीच प्रार्थना.

मला त्या दमाची गुरुकिल्ली दुसरीकडे सापडली, तालमूदच्या ब्राखोत या भागात. तिथे रब्बींना एक विसंगती खटकते. स्तोत्रांमध्ये एके ठिकाणी पृथ्वी देवाची आहे असं म्हटलंय आणि दुसरीकडे ती माणसांना दिली असं. मग खरं काय? त्यांनी काढलेला तोडगा असा, की ब्राखा म्हणायच्या आधी ती देवाची आणि म्हटल्यावर तुमची. न म्हणता खाल्लंत तर देवळाची मालमत्ता हडपल्यासारखं. तिथलाच एक रब्बी याच्याही पुढे जातो. त्याच्या मते, असा माणूस देवाचीच नव्हे, सगळ्या समाजाची चोरी करतो.

इथे निसर्ग म्हणजे देखावा नाही, दुसऱ्याचा माल आहे. 'किती सुंदर!' म्हणणाऱ्याने त्या मालाचा मालक कोण, हे विचारलेलंच नसतं. नांगरलेल्या रानाचं कौतुक करताना ते कुणी नांगरलं, हेही तो विचारत नाही. ब्राखा म्हणणारा ते विचारतो आणि मगच हात पुढे करतो. फरक थांबण्यात नाहीच, दोघंही थांबतात. एक जण स्वतःला बरं वाटावं म्हणून थांबतो, दुसरा देणं लागतो म्हणून.

अब्राहम जोशुआ हेशेल (१९०७-१९७२) हा अमेरिकेतला रब्बी सध्या रील्सवर फिरतो, कारण 'गॉड इन सर्च ऑफ मॅन' (१९५५) या पुस्तकात त्याने विस्मयाला धर्माचं मूळ मानलंय. जग आहे, याचंच आश्चर्य वाटत राहणं. ऐकायला गोड. पण हाच हेशेल १९६५ साली सेल्मामध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या रांगेत, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी चालत होता. त्याच्या लेखी विस्मय माणसाला कामाला लावतो. रील करणाऱ्यांनी हेशेलचा तेवढाच भाग उचलला, ज्याचं काही देणं लागत नाही.

इथवर मी या शिकवणुकीच्या बाजूने होतो. पाऊस आला आणि माझं बिनसलं.

मराठी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात एक करार आहे. आज्ञा पाळा, पाऊस वेळेवर पडेल. इतर देवांच्या मागे लागाल तर आकाश बंद होईल. धार्मिक ज्यू हा उतारा रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात. मी तो वाचला तेव्हा मला २०१२ आठवलं. त्या वर्षी पाऊस रुसला आणि २०१३ चा उन्हाळा येईस्तोवर जालना हे राज्यातल्या सगळ्यात वाईट दुष्काळाचं नाव झालं होतं. शहरात नळाला दोन-दोन आठवडे पाणी नाही, गावात टँकर. तेव्हा मी दहावीत होतो. आमच्या गावातल्या लोकांनी कोणती आज्ञा मोडली होती? पुण्यातल्या लोकांनी कोणती पाळली होती? पाऊस हे बक्षीस असेल तर दुष्काळ ही शिक्षा ठरते, आणि शिक्षा म्हटलं की बघणाऱ्याची जबाबदारी संपते. हा विचार ज्यूंचा एकट्याचा नाही. 'पाप वाढलं' हे आमच्या पारावरही ऐकलंय, बहुतेक वेळा ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांच्याकडून.

मजा अशी की या हिशेबावरची मला सापडलेली सगळ्यात कडक टीका त्याच बायबलमध्ये आहे. ईयोबाच्या पुस्तकात सज्जन माणसाचं सगळं जातं, मित्र येऊन त्याला समजावतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी ३८ व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. तिथे देव त्याला असा प्रश्न विचारतो की जिथे माणूसच राहत नाही अशा ओसाड जमिनीवर पाऊस पाडणारा कोण? निर्मनुष्य रानात पडणारा पाऊस कुणाचं बक्षीस असेल? कुणाचंच नाही. पावसाचा आणि पुण्याचा संबंध त्या एका प्रश्नात तुटतो. 'अनुवाद' आणि 'ईयोब' एकाच पोथीत बांधलेत आणि बांधणाऱ्यांनी भांडण मिटवलं नाही, हे मला त्या पोथीचं मोठेपण वाटतं.

रब्बींनी तर पावसावर अख्खा एक ग्रंथ लिहिलाय, तानीत. विषय दुष्काळातले उपास. मी तो भाविकतेने उघडला आणि एखादा कृषी अधिकारी बोलतोय असं वाटायला लागलं. पाऊस किती पडला म्हणजे उपास सोडायचा? मिलिमीटर तेव्हा नव्हते. एक मत, नांगर जेवढा खोल जातो तेवढी ओल. दुसरं, कोरड्या जमिनीत एक तेफाख, मध्यम जमिनीत दोन, मशागत केलेल्या जमिनीत तीन. तेफाख म्हणजे चार बोटांची रुंदी. हे वाचलं आणि मी खुर्चीत नीट बसलो. कारण आमच्याकडे अजूनही पाऊस असाच मोजतात. पाऊस उघडला की अण्णा रानात जाऊन मातीत बोटं खुपसतात आणि सांगतात, चार बोटं गेलीय, पेरायचं नाही. सरकारी पर्जन्यमापक तालुक्याला काय म्हणतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

त्याच ग्रंथात निनवेच्या लोकांची एक अर्जी आहे. ज्यूंची पावसाची प्रार्थना हिवाळ्यातली, कारण तिकडे पाऊस हिवाळ्यात. निनवेच्या लोकांनी रब्बी यहुदा हन्नासी यांना विचारलं, आम्हाला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करायचं? उत्तर मिळालं की तुम्ही व्यक्ती म्हणून मागा. वैयक्तिक मागण्यांची जी जागा प्रार्थनेत ठेवलीय तिथे म्हणा, सार्वजनिक प्रार्थना बदलायची नाही. पाऊस जूनमध्ये सुरू होणाऱ्या महाराष्ट्रातून हे वाचताना हे उत्तर टोचतं. एका अख्ख्या गावाची तहान 'वैयक्तिक मागणी' कशी होते? कॅलेंडर केंद्राचं, गरज परिघाची, आणि परिघाला उत्तर काय तर तुमचं तुम्ही बघा. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तरी त्यांच्याच पुस्तकात पावसाच्या ब्राखेचा नियम आहे आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. दुष्काळाच्या त्रासानंतर पाऊस आला की ती म्हणायची. पण केव्हा? पहिल्या थेंबाला नाही. जमिनीवर पाणी साचून, पडणाऱ्या थेंबाला भेटायला खालचा थेंब वर उडायला लागला की. आणि काय म्हणायचं ते तुमच्या जमिनीवर ठरतं. एकट्याच्या मालकीची जमीन असेल तर एक ब्राखा, भागीदारीत असेल तर दुसरी, जमीनच नसेल तर प्रत्येक थेंबासाठी आभार मानणारी तिसरी. म्हणजे ब्राखा ठरवायला सातबारा लागतो! आमच्या सातबाऱ्यावर अण्णांचं आणि काकांचं नाव आहे. ते दोघं भागीदारांची म्हणतील. मी हिंजवडीत, माझ्या नावावर गुंठाभरही नाही, म्हणून मला बिनजमिनीवाल्याची. हे वाचून मला पहिल्यांदा जाणवलं की आमच्या घरात पाऊस तिघांवर पडतो, पण सारखा पडत नाही.

आता बागेचं. हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो.

तीन एकरांत साडेतीनशे मोसंबी होती, बारा वर्षांची, ऐन उत्पन्नात आलेली. मोसंबीचं झाड विचित्र असतं. बहार धरायचा तर त्याला आधी मुद्दाम ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग पाणी सोडायचं. तहानेनं घाबरलेलं झाड फुलतं. आंबे बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणजे तू बिश्वातच्या आसपासच, आणि तेव्हा रात्री घराच्या दारापर्यंत वास येतो. २०१३ मध्ये ताण द्यावा लागला नाही, तो आपोआप बसला, आणि तोडायला कुणाच्या हातात नव्हता. विहीर आटली, बोअरने हवा फेकली. टँकर विकत घेतला तर बागेला पुरेना. मार्चमध्ये माझी बोर्डाची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये अण्णांनी ठरवलं की अर्धी बाग तोडायची, म्हणजे उरलेल्या अर्धीला तेच पाणी पुरेल.

कटरवाला आला. जळणाच्या भावाने लाकूड गेलं. कोणती झाडं ठेवायची यासाठी अण्णांनी एक दिवस खडूने खुणा केल्या, दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही पुसून दुसऱ्या झाडांवर केल्या. मला वाटलं होतं ते रडतील. ते कटरवाल्याशी डिझेलवरून वाद घालत होते.

जूनपर्यंत उरलेली अर्धीही वाळली.

'अनुवाद'च्या २० व्या अध्यायात युद्धाचा एक नियम आहे. शहराला वेढा घातलात तरी तिथली फळझाडं तोडू नका. झाड काही माणूस नाही की त्याच्यावर तुम्ही चाल करून जावं, असा त्यामागचा तर्क. या एका नियमातून रब्बींनी 'बाल ताशखीत', नासधूस करू नये, हे मोठं तत्त्व काढलं आणि आजची ज्यू पर्यावरण चळवळ त्यावरच उभी आहे. लेखांमधून ते फार गुळगुळीत करून सांगितलं जातं. मूळ चर्चा गुळगुळीत नाही. तालमूदमध्ये लगेच प्रश्न येतो की तोडावंच लागलं तर? एक मत, जे खजुराचं झाड एक काब, म्हणजे एक छोटं माप, फळ देतं ते तोडायचं नाही. दुसरं, फळापेक्षा लाकडाची किंमत जास्त असेल तर चालेल. बाराव्या शतकात रामबामने भर घातली की ते दुसऱ्या झाडांचं नुकसान करत असेल तरी चालेल. म्हणजे उरलेली वाचावीत म्हणून तोडली, हे अण्णांचं कारण त्या कायद्यात बसतं. आठशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आमच्यासाठी परवानगी लिहून ठेवली होती.

मला या परवानगीने बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आणि गंमत म्हणजे तालमूदलाही वाटत नाही. त्याच पानावर रब्बी हनिना म्हणतात की माझा मुलगा मेला तो दुसऱ्या कशाने नाही, त्याने अंजिराचं झाड वेळेआधी तोडलं म्हणून. इतकंच. संपादकांनी त्याला खोडून काढलं नाही, समजावलंही नाही. पुढे लगेच पुन्हा भाव आणि लाकडाची चर्चा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर अंधश्रद्धेचं वाटलं, पावसाच्या बक्षिसाचाच दुसरा अवतार. मुलाच्या मृत्यूला अंजिराचं झाड कारण? आजही ते कारण म्हणून मी मान्य करणार नाही. पण समीक्षकाने वाक्य जिथे ठेवलंय ती जागा बघायची असते. ते शिक्षेच्या प्रकरणात ठेवलेलं नाही, परवानग्यांच्या यादीत ठेवलंय. कायदा म्हणतोय तोडायला हरकत नाही, आणि मधेच एक बाप म्हणतो, हरकत होती. परवानगी मिळाली म्हणून झाड तोडणं फुकट झालं असं नाही, एवढं त्या पानाला माहीत आहे. खडूच्या खुणा पुसून पुन्हा करणाऱ्या माणसालाही ते माहीत होतं. त्याला फक्त ते कुठल्या पानावर लिहायचं हे कळत नव्हतं.

दुःखद बातमीसाठीही ज्यूंकडे ब्राखा आहे. देवाला सच्चा न्यायाधीश म्हणणारी. चांगल्यासाठी म्हणतो तशीच वाईटासाठी म्हणावी, असं मिश्ना सांगते. ती मला वाळलेल्या बागेत म्हणता आली नसती आणि कुणी अण्णांना म्हणायला लावली असती तर मी भांडलो असतो. इथे मी ईयोबाच्या बाजूने आहे.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. फळझाडं तोडू नका म्हणणाऱ्या या कायद्याचं नाव घेताना वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची ऑलिव्हची झाडं आठवतात. तिथे ती तोडली जातात, जाळली जातात, आणि हे करणाऱ्यांत तोच उतारा पाठ असलेले लोकही असतात. 'रब्बाइज फॉर ह्युमन राइट्स' ही १९८८ पासूनची इस्रायली संघटना त्या शेतकऱ्यांसोबत ऑलिव्हच्या काढणीला उभी राहते, याच धर्मशास्त्राच्या आधाराने. कायद्याने झाड वाचत नाही. त्या झाडाखाली कोण उभं राहतं, यावर ते ठरतं. म्हणून 'ज्यू धर्म निसर्गप्रेमी आहे' अशी वाक्यं मला निरर्थक वाटतात, जसं 'आपली संस्कृती वृक्षपूजक आहे' हे. वडाला सूत गुंडाळून झाल्यावर रस्ता रुंदीकरणात तोच वड जातो तेव्हा कुणी सूत सोडवायलाही येत नाही.

मावशींच्या घरी त्या संध्याकाळी ब्राखा झाल्यावर मला पहिलं केळं मिळालं. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुझं?" मी म्हटलं, जालना. "म्हणजे मोसंबी," त्या म्हणाल्या. ताटात मोसंबीही होती, चार फोडी. मी खाल्ली आणि सवयीने सालीकडे बघून ती कुठली असेल याचा अंदाज बांधत बसलो. मित्र म्हणाला, अरे खा ना गपचूप.

अण्णांनी २०१७ मध्ये पुन्हा मोसंबी लावली. या वेळी एकच एकर, ठिबकवर, शेततळं खोदून. ते या विषयावर बोलत नाहीत आणि मी तालमूदमधलं काही सांगायला लागलो की फोन आईकडे देतात. गेल्या जूनमध्ये मृगाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री मी फोन केला, मागे पत्र्यावर आवाज येत होता.

"पडतोय का?"

"हाव, तासभर झालाय."

"किती?"

"थांब, बॅटरी घेऊन जातो." मग बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला. "चार बोटं," ते म्हणाले. "अजून पायजे."